चिक्कडपल्लीचे स्थानक आणि सायकलची वाट

हैदराबादच्या आरटीसी चौरस्त्याहून नारायणगुड्याकडे निघालेला मनुष्य चिक्कडपल्लीच्या मुख्य रस्त्याला लागला की त्याच्या डोक्यावर छत येते. हे छत मेट्रोच्या उन्नत मार्गाचे. ७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक असा सुमारे ११ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला आणि चिक्कडपल्लीला स्वतःचे स्थानक मिळाले. येथे गाडीत बसले की नारायणगुडा, सुलतान बाजार आणि लगेच महात्मा गांधी बस स्थानक. सारा काही मिनिटांचा प्रवास. परंतु त्याच प्रवाशाला दीड-दोन किलोमीटरवरील नल्लाकुंट्यातल्या आपल्या घरातून या स्थानकाच्या जिन्यापर्यंत पोहोचायला गाडीतल्या प्रवासापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि रिक्षा केली तर तिकिटापेक्षा अधिक पैसेही पडू शकतात. हजारो कोटी रुपये खर्चून उभ्या राहिलेल्या लोहमार्गाची उपयुक्तता शेवटी या दीड-दोन किलोमीटरवर ठरते. आणि हे अंतर सायकलचे आहे.

गोव्याच्या वाचकाला हैदराबादच्या एका मोहल्ल्याची गोष्ट कशासाठी, असे कोणी विचारील. वास्कोहून सिकंदराबादला थेट गाडी सुरू झाल्यापासून हे शहर आपल्याला थोडे जवळ आले आहे, हे एक कारण. दुसरे असे, की हा भाग मराठी माणसाला परका नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग काचीगुड्याला येऊन मिळे आणि शिक्षण, वकिली, सरकारी नोकरी यांसाठी आलेली मराठी कुटुंबे काचीगुडा, सुलतान बाजार, नारायणगुडा या पट्ट्यात स्थिरावली. नारायणगुड्याची केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ उभी राहिली आहे. पण खरे कारण तिसरे. दाट वस्ती, अरुंद रस्ते, मधोमध उभे राहिलेले खांब, दुचाकींची गर्दी आणि जवळच एक जुने मोठे रेल्वे स्थानक, हे चिक्कडपल्लीचे चित्र आपल्याकडील मडगावच्या चित्राहून फारसे निराळे नाही.

चिक्कडपल्लीपासून काचीगुडा स्थानक दोन-अडीच किलोमीटरवर आणि सिकंदराबाद जंक्शन चार-पाच किलोमीटरवर आहे. काचीगुड्याची घुमटांची देखणी इमारत १९१६ सालची, निजामाच्या काळातली. सिकंदराबादच्या स्थानकाचा सुमारे ७०० कोटी रुपयांचा पुनर्विकास हाती घेण्यात आला असून त्याची पायाभरणी एप्रिल २०२३ मध्ये झाली. म्हणजे एका मेट्रो स्थानकाभोवती सायकलच्या टप्प्यात दोन मोठी रेल्वे स्थानके येतात. वाटेत अशोकनगरचा परिसर लागतो. तेथे चिक्कडपल्लीचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तेलंगणाच्या खेड्यापाड्यांतले तरुण-तरुणी पहाटेपासून रात्रीपर्यंत तेथे बसलेले असतात. पलीकडे बागलिंगमपल्ली, विद्यानगर, रामनगर. अलीकडे दोमलगुडा, हिमायतनगर, इंदिरा पार्क. ज्यांना वाहन परवडत नाही आणि वेळ मात्र मोजून वापरायचा असतो अशा माणसांची ही वस्ती आहे. सायकलचा विचार करायचा तो यांना समोर ठेवून, रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून व्यायामाला निघणाऱ्यांना समोर ठेवून नव्हे.

येथे थोडे गणित पाहू. दहा मिनिटांत मनुष्य चालत साधारण ८०० मीटर जातो. तेवढ्याच वेळात सामान्य वेगाने चाललेली सायकल अडीच किलोमीटर अंतर तोडते. अंतर तिपटीने वाढले, तरी स्थानकाभोवतीचे क्षेत्र तिपटीने वाढत नाही. त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात ते जवळजवळ दहापट होते. स्थानकाची संख्या न वाढवता त्याच्या आवाक्यातील लोकवस्ती दहापट करणारे याहून स्वस्त साधन उपलब्ध नाही. नेदरलँड्समध्ये रेल्वेने जाणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक घरून स्थानकापर्यंत सायकलने येतात आणि युट्रेक्टच्या मुख्य स्थानकाखाली १२,५०० सायकली राहतील एवढा वाहनतळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. हे वाचून आपल्याकडे लगेच उत्तर येते, की त्यांचे देश निराळे, रस्ते निराळे. पण १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आई-बाप रस्त्यावर उतरले आणि मग रस्ते बदलले. तेथेही मोटारी आल्या होत्या, तेथेही सायकली हटवल्या जात होत्या.

हैदराबादने सायकलसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मेट्रो सुरू झाली तेव्हाच, २०१७ मध्ये, काही स्थानकांवर भाड्याच्या सायकली ठेवण्यात आल्या. आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी बाह्य वर्तुळाकार मार्गालगत २३ किलोमीटरचा सायकल मार्ग खुला झाला. साडेचार मीटर रुंद, वर सौर पत्र्यांचे छप्पर, त्यातून १६ मेगावॅट वीज. देशात असे दुसरे उदाहरण सापडणार नाही आणि ते पाहण्याजोगे आहे यात शंका नाही. मात्र हा मार्ग शहराच्या पश्चिम कडेला, नरसिंगी आणि कोल्लूरच्या बाजूला आहे. चिक्कडपल्लीच्या रहिवाशाला तेथे सायकल चालवायची तर आधी पंधरा-वीस किलोमीटर रहदारीतून जावे लागेल, किंवा सायकल मोटारीवर बांधून न्यावी लागेल. सायकल ही व्यायामाची वस्तू आहे असे मानले की असे मार्ग तयार होतात. ती वाहन आहे असे मानले तर काम चौकात, गटाराच्या जाळीपाशी आणि जिन्याच्या पायथ्याशी करावे लागते, आणि तेथे फीत कापायला काही नसते.

याच परिसरात दुसरे एक मोठे बांधकाम झाले. इंदिरा पार्कपासून व्हीएसटी चौकापर्यंत सुमारे सव्वादोन किलोमीटरचा पोलादी पूल १९ ऑगस्ट २०२३ रोजी खुला झाला. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. आरटीसी चौरस्त्यावर तो मेट्रोच्याही वरून जातो. खाली रस्ता, वर मेट्रो, त्याच्या वर मोटारी, असे तीन मजले तेथे दिसतात. या पुलाने मोटारवाल्यांचे सिग्नल वाचले, हे मान्य करायला हवे. पण पूल बांधताना जी संधी चालून येते तिच्याकडे आपल्या शहरांचे लक्ष जात नाही. सरळ जाणारी रहदारी वर उचलली गेली, तर खालच्या रस्त्यावर उरतात ती त्या वस्तीत येणारी-जाणारी वाहने. त्या रस्त्याला पूर्वीइतक्या मार्गिका लागत नाहीत. तेथे पदपथ रुंद करता येतो, सायकलला जागा देता येते, थांबे नीट लावता येतात. पूल खुला झाला त्या आठवड्यात हे केले नाही, तर मोकळी झालेली जागा उभ्या मोटारी व्यापतात, आणि एकदा व्यापलेली जागा परत घेणे कोणत्याही नगरसेवकाला परवडत नाही. पर्वरीतील उन्नत मार्गाचे काम पूर्ण होईल तेव्हा त्याच्या खाली काय असेल, हा प्रश्न गोमंतकीयांनी आताच विचारून ठेवलेला बरा.

आता प्रत्यक्ष रस्त्याकडे वळू. सायकलस्वाराला धोका कोठे असतो? सर्वसामान्य समज असा, की मागून येणारे वाहन धडकेल. ही भीती खोटी नाही, परंतु दाट वस्तीत घात होतो तो बहुधा चौकात. आपण डावीकडून वाहन चालवतो. सायकलस्वार रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ निघालेला असतो आणि त्याच्या उजवीकडून पुढे आलेले वाहन एकाएकी डावीकडे वळते. बसच्या किंवा मालमोटारीच्या चालकाला आपल्या डाव्या चाकाजवळची सायकल दिसतही नाही. यावर उपाय कोपऱ्यात आहे, अगदी शब्दशः. पदपथाचा कोपरा जितका गोलाकार आणि मोठा, तितके वाहन वेगात वळते. तोच कोपरा काटकोनाच्या जवळ आणला तर वळणाऱ्याला गती कमी करावीच लागते आणि मान वळवून पाहायला वेळ मिळतो. ‘डावे वळण मुक्त’ अशी पाटी ज्या चौकात आहे, तेथे पादचारी आणि सायकलस्वार यांचा जीव मुक्तपणे टांगणीला लागलेला असतो. पोलिसांच्या दृष्टीने ती पाटी रहदारी सुरळीत ठेवते. तिची किंमत मात्र दुसरेच कोणी चुकवतात.

मेट्रोच्या खांबांनी यात नवी अडचण आणली आहे. रस्त्याच्या मधोमध दुभाजक, त्यात ओळीने खांब, आणि वाहन पलीकडे वळवण्यासाठी खांबांच्या मधल्या फटी. कित्येक ठिकाणी सिग्नल बंद करून असे यू-टर्न ठेवण्याची पद्धत हैदराबादेत रूढ झाली आहे. मोटारीला पुढे अर्धा किलोमीटर जाऊन परत येणे म्हणजे एक मिनिट. सायकलवाल्याला तेच अंतर पायाच्या बळावर कापायचे असते, शिवाय वळणासाठी डाव्या कडेवरून थेट उजवीकडच्या, सर्वांत वेगवान मार्गिकेत शिरायचे असते. म्हणून तो काय करतो, तर उलट दिशेने येतो. उलट दिशेने येणाऱ्या सायकलवाल्याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या ठिकाणी दहापैकी आठ माणसे एकच ‘चूक’ करतात, तेथे चूक आराखड्याची असते. स्थानकाच्या दोन्ही जिन्यांसमोर पादचारी आणि सायकल यांना पुरेल असा, पदपथाच्या पातळीवर उचललेला, सिग्नल असलेला ओलांडण्याचा पट्टा दिला, तर हा उलटा प्रवास आपोआप कमी होईल.

मग स्वतंत्र सायकल मार्गिकेचे काय? सायकलच्या मुठींची रुंदी साठ-सत्तर सेंटिमीटर. चालवताना ती थोडी डोलते, म्हणून एकीला साधारण एक मीटर लागतो आणि मागच्याला पुढे जाता यावे तर दोन मीटर. मुख्य रस्त्यावर एवढी जागा काढता आली तर ती जरूर काढावी, मात्र तिला रस्त्यापासून वेगळे करणारा उंच काठ हवा. नुसता रंग मारलेली मार्गिका ही आपल्याकडे उभ्या वाहनांसाठी केलेली सोय ठरते. पुण्याचा अनुभव ताजा ठेवण्यासारखा आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या त्या शहरात जलद बसमार्गांबरोबर सायकल मार्ग बांधले गेले; पण ते मध्येच तुटत, विजेच्या खांबाला वळसा घालत, कोठे टपरीत तर कोठे खड्ड्यात संपत. साखळीतील एक कडी निसटली की साखळी निरुपयोगी होते, तसे सायकल मार्गाचे आहे. शंभर मीटरचा एक जीवघेणा तुकडा उरला तरी आई मुलाला सायकलवर पाठवत नाही, आणि मग बाकीचे दोन किलोमीटर ओस पडतात. पुढे कोणी तरी मोजणी करून सांगतो, की लोकांना सायकल नकोच आहे.

चिक्कडपल्लीच्या आतल्या गल्ल्यांत दोन मीटर सोडा, अर्धा मीटरही काढणे कठीण. तेथे नेदरलँड्सपेक्षा जपानकडे पाहणे उपयोगाचे. टोकियोच्या निवासी गल्ल्या आपल्यासारख्याच अरुंद आहेत, पुष्कळ ठिकाणी पदपथ नाही, सायकलचा वेगळा मार्ग तर नाहीच. तरीही शाळकरी मुले, आजीबाई, मुलांना पुढे-मागे बसवलेल्या आया सायकलने स्थानक गाठतात. याचे एक मोठे कारण १९६२ च्या एका कायद्यात आहे: मोटार ठेवायला स्वतःची जागा आहे असा दाखला दिल्याशिवाय मोटार नोंदवता येत नाही. रस्ता मोटारी ठेवण्यासाठी नाही, एवढे एक तत्त्व पाळले की अरुंद गल्लीही पुरेशी रुंद होते. मग उरतो तो वेगाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. चिक्कडपल्लीचे स्थानक सुरू झाले त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२० मध्ये, स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेने जेथे चालणारे, सायकलस्वार आणि वाहने एकत्र येतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी असे आवाहन केले. ही मर्यादा पाटी लावून पाळली जात नाही. गल्लीच्या तोंडाशी रस्ता थोडा उंच करणे, सरळ रेषेला एखादे झाड किंवा कठडा घालून बाक देणे, आरपार जाणाऱ्या मोटारींना बंदी करून सायकलींना वाट मोकळी ठेवणे, असे बांधकामातले उपायच वेग उतरवतात. विद्यानगर किंवा रामनगरच्या बाजूने आतल्या गल्ल्यांतून स्थानकाकडे येणारी अशी एक सलग वाट आखली, तर मुख्य रस्त्यावरची मार्गिका होईपर्यंत वाट पाहावी लागणार नाही.

बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत, आणि सायकलस्वाराचे सुख-दुःख त्यांतच असते. गटारावरची जाळी चाकाच्या दिशेने बसवली तर पुढचे चाक तिच्यात अडकून माणूस तोंडावर पडतो; तीच आडवी बसवायला एक पैसा जास्त लागत नाही. डांबराचे थर चढत जातात आणि मलनिस्सारणाची झाकणे खोल राहतात. पावसाळ्यात पाणी साचले की तो खड्डा दिसतही नाही. बसथांबा सायकल मार्गिकेवरच असला तर दर पाच मिनिटांनी बस सायकलवाल्याला रहदारीत ढकलते, म्हणून मार्गिका थांब्याच्या पाठीमागून नेतात. एप्रिल-मेच्या उन्हात झाडांची सावली ही शोभा नव्हे, सोय आहे. रात्री नऊ वाजता ग्रंथालयातून निघणाऱ्या मुलीच्या दृष्टीने दिव्यांचे महत्त्व मार्गिकेपेक्षाही अधिक असेल. महिलांना डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बसप्रवास मोफत आहे; सायकलने त्यांना आकर्षित करायचे तर पैशाचे आमिष चालणार नाही, सुरक्षितता आणि वाचलेला वेळ हीच दोन कारणे उरतात.

सायकल ठेवायची कोठे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक, प्रत्यक्षात निर्णायक. ज्याची सायकल हीच एकमेव मालमत्ता आहे, तो ती चोरीला जाण्याचा धोका एकदाच पत्करतो. सायकलतळ जिन्यासमोर, पहारेकऱ्याच्या नजरेत, दुचाकीतळाहून जवळ हवा. केवळ चाक नव्हे तर सांगाडा कुलपाने बांधता येईल अशा लोखंडी कमानी हव्यात. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात, हे लक्षात घेतले तर जागा नाही ही सबब टिकत नाही. मेट्रो मार्गाखाली आयती सावली असते, तेव्हा तळ खांबांच्या मधे करावा असे सुचते. परंतु दुभाजकात पोहोचायला रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून ओलांडण्याचा पट्टा आधी आणि तळ नंतर, हा क्रम चुकता कामा नये. नागपूर आणि कोची येथील मेट्रोत सायकल डब्यात नेण्याची मुभा आहे. कमी गर्दीच्या वेळी ती चांगली सोय आहे, पण गर्दीच्या वेळी ती तळाला पर्याय होऊ शकत नाही.

पदपथावरच्या विक्रेत्यांचा विषय येथे टाळता येणार नाही. सायकलसाठी जागा करायची म्हटले की पहिला नांगर त्यांच्यावर फिरतो. हे सोपे असते, कारण हातगाडीवाल्यापेक्षा दुकानासमोर मोटार लावणारा अधिक वजनदार असतो. पण पथविक्रेत्यांचे संरक्षण करणारा २०१४ चा कायदा आहे, आणि स्थानकाबाहेर भाजी-फळे मिळणे ही सायकलवरून घरी जाणाऱ्याची सोयच आहे. जागा घ्यायची ती उभ्या वाहनांकडून. तशीच ती चालणाऱ्यांकडूनही घ्यायची नाही. पदपथावर रंग मारून त्याला सायकल मार्ग म्हणणे म्हणजे एका दुबळ्याचे काढून दुसऱ्याला देणे.

हे सारे तंत्र अवघड नाही. अडते ते अधिकारांत. मेट्रोचे कार्यक्षेत्र जिन्याच्या शेवटच्या पायरीशी संपते. पदपथ आणि रस्ता महापालिकेचा, झाकणे पाणीपुरवठा मंडळाची, सिग्नल पोलिसांचे, बसथांबा परिवहन महामंडळाचा आणि प्रदेशाचे नियोजन महानगर विकास प्राधिकरणाचे. प्रत्येकाच्या हिशेबात आपापले काम पूर्ण झालेले असते आणि प्रवासी मात्र या सहा कामांच्या फटीत उभा असतो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हे तर माणसे हलवायची आहेत असे सांगितले, त्याला आता दोन दशके होत आली. २०२० मध्ये केंद्राने सायकलस्नेही शहरांची स्पर्धा घेतली. पुढील वर्षी निवडलेल्या अकरा शहरांत तेलंगणाचे वरंगळ होते, महाराष्ट्राची नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. हैदराबादचे नाव त्यांत नव्हते. स्थानकाभोवतीच्या अडीच किलोमीटरची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर, एका अंदाजपत्रकासह सोपवली, तर निदान विचारायचे कोणाला हे तरी कळेल.

मडगावचे रेल्वे स्थानक नगरपालिका चौकापासून दीड-दोन किलोमीटरवर आणि कदंब बसस्थानकापासून तीन-चार किलोमीटरवर आहे. गाडीतून उतरलेल्या माणसाला आज पायलट, रिक्षा, टॅक्सी किंवा घरून न्यायला आलेला कोणी, एवढेच पर्याय असतात. भाड्याची दुचाकी पर्यटकाला जागेवर मिळते. रोज वास्कोहून किंवा कुडचड्याहून येणाऱ्या नोकरदाराला सायकल ठेवायला पहाऱ्यातील जागा हवी असते. राज्यात २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत रस्त्यावर अडीचशेहून अधिक बळी गेले. अंतर लहान, पण पावसाळा लांब आणि रस्ते चढ-उताराचे, ही आपली वेगळी अडचण. विजेच्या सायकलीने चढाचा प्रश्न बराचसा सुटतो, पावसाचा सुटत नाही, त्यासाठी छप्पर असलेला तळ लागतो. सुरुवात करायची तर स्थानक ते नगरपालिका चौक हा एकच पट्टा घ्यावा: त्यावरचे सर्व चौक, सर्व जाळ्या, सर्व झाकणे, एक सावलीचा तळ. सकाळी आठ ते दहा या वेळात तेथून किती सायकली जातात याची मोजणी मात्र काम सुरू होण्यापूर्वी करून ठेवावी, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा करावी.